पावाचा गर आणि प्लास्टरचा कान

दिवाळी अंकासाठी ‘तुमच्या नोकरीतले अनुभव लिहा’ असं संपादकांचं पत्र आलं, तेव्हा मला आधी हसूच आलं. मामलेदारानं लिहावं, डॉक्टरनं लिहावं, फौजदारानं तर लिहावंच. ड्रॉइंग मास्तरानं काय लिहायचं? तीस वर्षं फळ्यावर घागर काढली आणि तीस वर्षं ती पुसली, झालं चरित्र. ठाण्याच्या शाळेत माझा तास म्हणजे इतर मास्तरांची उसनवारीची जागा होती. “लेले, आजचा तास मला द्या हो, मुलांचं अंकगणित मागे पडलंय,” असं मला दर आठवड्याला कुणी ना कुणी म्हणायचं. “लेले, अंकगणिताचा तास तुम्ही घ्या, मुलांची घागर मागे पडलीय,” असं म्हणणारा सहकारी मला निवृत्त होईपर्यंत भेटला नाही.

तरी एक गोष्ट लिहावीशी वाटते. ती माझ्या सनदेची. गेल्या शतकाच्या शेवटच्या पंधरा-वीस वर्षांतली आहे. त्या वेळी चित्रकलेच्या बारीकसारीक परीक्षा शाळेतली मुलंही देत. पण चित्रकला शिकवणाऱ्याची म्हणून जी सगळ्यात वरची परीक्षा होती, ती मुंबईला तीन वर्षं अभ्यास करून द्यावी लागे, आणि ठाण्यापासून कल्याणपर्यंत ती सनद असलेला माणूस माझ्या तरी ऐकिवात नव्हता. असता तर त्याच्याशी दोन शब्द बोलायला मी पायी गेलो असतो.

मी या धंद्यात शिरलो तो माझ्या अक्षरामुळे. इन्स्पेक्टरसाहेबांनी आमच्या हेडमास्तरांना विचारलं, तुमच्याकडे ड्रॉइंग कोण शिकवतं? हेडमास्तरांनी मास्तरांच्या खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाले, “लेले, तुमचं अक्षर बरं आहे. तुम्ही शिकवा.” ज्याचं अक्षर बरं त्याला चित्र येतं, अशी तेव्हा सगळ्यांची समजूत होती. माझीही होती. खालच्या परीक्षा मी पुस्तकातली चित्रं गिरवून गिरवून पास झालो. मग वरच्या परीक्षेचा ध्यास लागला, आणि तिथं गिरवणं उपयोगाचं नव्हतं. समोर वस्तू ठेवायची आणि ती दिसते तशी काढायची.

माझ्या बायकोचं नाव रमा. लग्न लहानपणी झालेलं, आणि ती नांदायला येऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. टेंभी नाक्याजवळ दोन खोल्यांचं आमचं बिऱ्हाड होतं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण दारात रोज सकाळी जी रांगोळी काढी ती बघायला समोरच्या बायका ओट्यावर येऊन उभ्या राहत. एकदा मी पाटीवर कलश काढत बसलो होतो. दोन्ही बाजू सारख्या यायला हव्यात, हात टेकायचा नाही, मोजायचं नाही, अशी ती कसरत असते. माझ्या कलशाची डावी बाजू जेवलेली आणि उजवी उपाशी, असं सारखं होत होतं. रमा रांगोळीचं तबक घेऊन बाहेर निघाली होती, ती माझ्या मागे थांबली.

“अहो, तुम्ही रेघेकडेच बघताय,” ती म्हणाली.

“मग कुठे बघू?”

“बाजूला मोकळी जागा किती राहिलीय ती बघा. ती दोन्हीकडे सारखी झाली की रेघ आपोआप बरोबर येते.”

मी हसलो. मग ती गेल्यावर करून पाहिलं, आणि कलश नीट आला. पुढे मुंबईला मोठमोठी पुस्तकं चाळली, पण इतक्या थोडक्यात हे कुणी सांगितलेलं मला आढळलं नाही.

आता पावाची हकीकत सांगायला हवी, कारण सगळं रामायण त्यातून झालं. वरच्या परीक्षेला छायाकाम असतं. कोळशाच्या कांडीनं जाड कागदावर उजेड आणि सावली दाखवायची. हा कोळसा रबरानं नीट खोडला जात नाही. रबर तो फासतं आणि कागदाची लव उपटतं. त्याला एकच इलाज, पाव. पावाचा आतला मऊ गर काढायचा, चिमटीत मळून त्याची गोळी करायची आणि कागदावर अलगद टेकवायची. गोळी कोळसा टिपून घेते, कागद कोरा राहतो. ताजा पाव ओला असतो, आदल्या दिवशीचा उत्तम. मुंबईला चित्रशाळेत सगळेच असं करत. तिथं पावाला कुणी पाव म्हणतसुद्धा नसे.

पण ठाण्यात पाव पावच होता. तलावाच्या पलीकडे पेद्रू नावाचा ख्रिस्ती भट्टीवाला होता, त्याच्याकडून मी आठवड्याला एक शिळा पाव घेई. त्या काळी आमच्या लोकांत पाव खाणं म्हणजे बाटणं. पाव खाल्ल्याच्या नुसत्या संशयावरून लोकांना पंक्तीतून उठवलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी मी पाव कोळशाच्या डब्याशेजारी पिशवीत घालून राजरोस शाळेत नेत होतो, कारण माझ्या डोक्यात तो खाण्याचा पदार्थ राहिलाच नव्हता. कोळसा, कागद, पाव. असली चूक ड्रॉइंग मास्तरच करू जाणे.

श्रावणात रमा मंगळागौरीसाठी कल्याणला माहेरी गेली. त्याच आठवड्यात शाळेत मधल्या सुट्टीत माझी पिशवी खुंटीवरून निसटली. पाव गडगडत गेला आणि मास्तरांच्या पिण्याच्या माठाला टेकून उभा राहिला. तिथं आमचे संस्कृतचे शास्त्रीबुवा पंचपात्री घेऊन पाणी प्यायला वाकले होते. ते वाकलेलेच राहिले.

“लेले,” ते म्हणाले, “हे काय आहे?”

“खोडायचं आहे,” मी म्हणालो.

शास्त्रीबुवांनी माठ स्वतः उचलून अंगणात ओतला. दुसऱ्या दिवशी नवा माठ आला, आणि त्याच्यापासून चार हात लांब खिडकीत माझ्यासाठी एक वेगळा तांब्या आला. कुणी भांडलं नाही, कुणी काही बोललंही नाही. फक्त मी खोलीत शिरलो की गप्पा थांबत आणि सगळ्यांना आपापल्या वह्या तपासायची आठवण होई. रमा माहेरी गेल्यापासून माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या काकूंनी त्याच आठवड्यात पाठ धरली म्हणून निरोप पाठवला. ती पाठ पुढे तीन वर्षं दुखत राहिली.

बातमी कल्याणला माझ्या आधी पोचली. माझे सासरे, त्यांना सगळे नाना म्हणत, पारनाक्याजवळ राहत. पुराण सांगत, गावात त्यांचा मान होता. मी रमाला आणायला गेलो, तर नाना ओटीवरच बसले होते.

“या. पाय धुवा आणि इथंच बसा,” ते म्हणाले. जावयाला आत बोलावलं नाही यातच मी काय ते समजलो.

“पाव खाता म्हणे तुम्ही?”

“खात नाही, नाना. खोडतो.”

“काय करता?”

“चित्र खोडतो. पावानं.”

नाना पुढे सरकून बसले. “खाल्ला म्हणाला असतात तर समजलो असतो. परगावी जाता, भूक लागते माणसाला. पण पावानं खोडतो? मला इतका खुळा समजता?”

मी कोळसा, कागद, लव सगळं समजावून सांगितलं. जितकं समजावलं तितकं ते मलाच खोटं वाटायला लागलं. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. तो माणूस दुष्ट नव्हता, हे आज मी लिहू शकतो.

“बरं, खाल्ला नाहीत. हातात तर धरलात?” ते म्हणाले. “प्रायश्चित्त घ्या आणि हे चित्रांचं खूळ सोडतो असं देवासमोर सांगा. मुलीला उद्याच्या गाडीनं पाठवतो. तिच्या पाठच्या दोघी उजवायच्या आहेत, मला गावात राहायचंय.”

“जे केलं नाही त्याचं प्रायश्चित्त मी घेणार नाही.”

“मग ती यायची नाही.”

त्यावर मी जे बोललो ते आज चाळीस वर्षांनी लिहितानाही हात अडखळतो. मी म्हणालो, “मग ठेवा तुमची मुलगी तुमच्याजवळ. मला माझी परीक्षा आहे.”

माजघराच्या दारामागे कुणीतरी उभं होतं. ते तिथून निघून गेल्याचं मला कळलं. उंबऱ्यासमोर रांगोळी होती, आणि तशी रांगोळी त्या घरात एकच हात काढत होता. मी ती ओलांडून जायच्या ऐवजी तिच्यावरून चालत गेलो. स्टेशनावर बाकावर बसलो तेव्हा चपलेच्या काठाला पांढरं लागलेलं दिसलं. गाडी खाडीच्या पुलावर येईपर्यंत मी रागातच होतो, पुलानंतर राग संपला आणि मग घरापर्यंत काहीच उरलं नाही.

चित्रशाळेत परीक्षेच्या तीन वर्षांच्या अभ्यासाला प्रवेश मिळावा म्हणून मी त्याच आठवड्यात अर्ज केला. त्याला नमुन्याची सहा चित्रं आणि हेडमास्तरांचा वर्तणुकीचा दाखला जोडायचा होता. मला वाटलं, दाखला मिळत नाही. शास्त्रीबुवांनी काय सांगायचं ते सांगून ठेवलं असणारच. पण हेडमास्तर व्यवहारी गृहस्थ. त्यांनी ‘वर्तणूक उत्तम’ असं लिहून सही केली आणि टीपकागद दाबता दाबता म्हणाले, “मला इन्स्पेक्टरसाहेबांना सनदी ड्रॉइंग मास्तर दाखवायचाय. तुम्ही पाव खा नाहीतर कोळसा खा. फक्त पास व्हा.” आठवड्यातून दोन दुपारी मला मुंबईला जायची मोकळीक मिळाली. उरलेला अभ्यास घरी.

घरच्या अभ्यासासाठी चित्रशाळेनं मला प्लास्टरचे दोन नमुने उसने दिले, एक पाऊल आणि एक कान. पाऊल घोट्यापर्यंतचं, कान वीतभर मोठा. शेजारच्या आजी पहिल्यांदा खिडकीतून ते पाऊल बघून ओरडल्याच. तुटकं पाऊल घरात ठेवणाऱ्याची बायको नांदत नाही यात नवल काय, असं त्या वाड्यात सांगत सुटल्या. पुढे मला त्या पावलाचं काही वाटेनासं झालं. कानाची मात्र सोबत झाली. शाळेतून यायचो, चूल पेटवायचो, भात टाकायचो, आणि भात होईपर्यंत त्या कानाची सावली काढत बसायचो. दिवसभर कुणाशी धड बोलणं झालेलं नसायचं. मग मी त्याच्याशीच बोलायचो. आज वर्गात काय झालं, भात करपला, शास्त्रीबुवांना सर्दी झालीय. घरात ऐकणारा तेवढाच एक कान होता आणि त्यानं कधी माझी गोष्ट बाहेर फोडली नाही.

वाचणाऱ्याला हे गमतीचं वाटेल. मला तेव्हा गंमत वाटत नव्हती. मुंबईला चित्रशाळेत तरी सोबत होती म्हणावं तर तसंही नाही. तिथले पारशी, ख्रिस्ती विद्यार्थी दुपारी पाव घेऊन बसत, अर्ध्या पावानं पोट भरत आणि उरलेल्यानं खोडत. मला हाका मारत, “लेले, ये रे!” मी माझी दशमी घेऊन जिन्याखाली जाऊन बसे. ठाण्यात पाव खाणारा म्हणून मला पंगत नव्हती आणि मुंबईत न खाणारा म्हणून नव्हती. वर्गात दोन तासांत वीस गोळ्या मळायचो आणि भुकेल्या पोटी त्याचा खमंग वास घेत राहायचो. कधीतरी एक गोळी तोंडात टाकावी असं मनात आलं, नाही असं नाही. पण मग मी नानांशी खोटा ठरलो असतो, आणि तेवढं एकच खरेपण माझ्याजवळ उरलं होतं.

नानांना मी अधूनमधून पत्रं लिहीत असे. बायकोला नवऱ्यानं निराळं पत्र लिहायची रीत तेव्हा नव्हती, आणि तिला वाचता येत नव्हतं, त्यामुळे प्रश्नच नव्हता. पत्रांत मी वाद घालायचो. पावाचा निषेध कोणत्या ग्रंथात आहे ते दाखवा, गहू आपल्याला चालतो, पाणी चालतं, मग दोन्ही एकत्र का चालत नाही, स्पर्श आणि भक्षण यांत भेद आहे की नाही. चार चार पानं. अक्षर बरं असल्याचा हाच एक तोटा. नानांचं उत्तर दर वेळी एका ओळीचं यायचं. ‘प्रायश्चित्त घ्यावे. इकडील सर्व क्षेम.’ त्या ‘सर्व’ शब्दात रमा कुठे आहे, हे मी पुन्हा पुन्हा बघत बसे.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी परीक्षा झाली. भूमिती झाली, जवळचं-लांबचं डोळ्यांना दिसतं तसं दाखवायचं यथार्थदर्शन झालं, छायाकाम झालं. छायाकामाला कानच आला. तीन वर्षांचा सोबती, तो काय दगा देणार! शेवटी फळ्यावरची परीक्षा. तिची सगळे धास्ती घ्यायचे. पुरुषभर उंचीच्या फळ्यावर खडूनं एका दमात दोन्ही बाजू सारखा असा मोठा कलश काढायचा, आणि परीक्षक साहेब मागे घड्याळ घेऊन उभा. वर्गात मास्तर फळ्यावर जे काढील तेच पोरं काढणार, म्हणून मास्तराचा हात इथं पारखून घेत.

मी पहिली बाजू काढली. ती बरी आली. दुसरी सुरू केली. गळ्यापाशीच रेघ आत गेली. पुसली. पुन्हा काढली, पुन्हा आत गेली. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं.  तीन वर्षं, वेगळा तांब्या, करपलेला भात, सगळं या एका रेघेवर येऊन थांबलं होतं. आणि अगदी स्पष्ट, माझ्या खांद्यामागे उभं राहून कुणी बोलावं तसं आठवलं: रेघेकडे बघताय. मोकळी जागा बघा.

मी रेघेवरची नजर काढली. कलशाच्या बाहेरचा काळा फळा बघितला, डावीकडे किती, उजवीकडे किती. हात आपला आपण खाली उतरला.

साहेबांनी मधोमध दोरी धरून दोन्हीकडची अंतरं मोजली. मग काहीतरी म्हणाले. त्यांच्यासोबतच्या मराठी मास्तरांनी मला सांगितलं, “साहेब विचारतात, हे कुणाकडे शिकलात?”

“घरी,” मी म्हणालो. आणि खाली बघून खडूचे हात झटकत राहिलो.

सनद टपालानं शाळेत आली. जाड कागद, खाली लाल शिक्का, वळणदार अक्षरात माझं नाव. हेडमास्तरांनी हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि त्याच दमात सांगितलं, “उद्याचा तुमचा तिसरीचा तास शास्त्रीबुवांना दिलाय हं. रूपं पाठ व्हायचीत मुलांची.” मास्तरांच्या खोलीत मी सनद टेबलावर उलगडून ठेवली. दोघातिघांनी लांबूनच मान हलवली. मी ती पुन्हा गुंडाळली आणि घरी गेलो. घरी कानासमोर उलगडली. आता मला खरोखरच वाटायला लागलं, की मी वेडा होणार.

संध्याकाळी पाय आपोआप पेद्रूच्या भट्टीकडे गेले. ती गुंडाळी हातात तशीच होती.

“मास्तर, आज शिला नाय. ताजा हाय, चालंल का?”

“नको. परीक्षा झाली.”

“पास?”

“पास.”

पेद्रूनं पिठाचे हात फडक्याला पुसले, भट्टीच्या उजेडात सनद धरली आणि नीट बघितली. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, शिक्क्यावरून मात्र तो बोट फिरवत राहिला. “लय मोठा काम केलाव मास्तर. घरचीला दाकवलाव?”

मी भट्टीतल्या निखाऱ्यांकडे बघितलं.

“मंग मला काय दाकवताव?” तो म्हणाला आणि कागद परत दिला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी नव्हती तरी मी कल्याणला गेलो. नाना ओटीवर होते, तीन वर्षांत पाठीत वाकले होते. सनद त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन बघितली.

“सरकारी शिक्का आहे?”

“हो.”

“म्हणजे ते चित्रांचं खूळ सोडा असं आता मला म्हणता येणार नाही.”

“नाही येणार. पण प्रायश्चित्त घेतो. पावाला पुन्हा हात लावणार नाही. तिला पाठवा.”

मी भांडायला आलो असेन अशी तयारी करून ते बसले असावेत. त्यांचा चेहरा एकदम सैल पडला. “हे आधी केलं असतंत तर?” ते म्हणाले. “मी रोज पोरीचं तोंड बघतोय तीन वर्षं. तुमची पत्रं यायची, चार पानी. त्यात एकदा तरी ‘पाठवा’ असा शब्द असता!”

ते खरं होतं. मी न्याय मागितला होता, बायको मागितलीच नव्हती. आणि मी प्रायश्चित्त का घेतलं असं कुणी विचारलं, तर त्यात धर्म नव्हता आणि शहाणपणही नव्हतं. मला घरात माणूस हवं होतं. नको इतका एकटा झालो होतो मी. क्षौर केलं, खाडीत बुडी मारली, पंचगव्य घेतलं. ते पिताना वाटीच्या काठाचा लंबगोल अगदी डोळ्यांसमोर आला आणि यथार्थदर्शनात तो कसा दाखवावा याचाच विचार डोक्यात चालला होता. न केलेल्या पापातून अशा तऱ्हेनं मी शुद्ध झालो.

रमा घरी आली. पहिले दोन दिवस ती कामापुरतंच बोलली. पाऊल बघून दचकली नाही, कान उचलून त्यावरची धूळ पुसली आणि परत ठेवला. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी वह्या तपासत होतो, ती समोर येऊन बसली.

“खरं सांगा, कसा लागतो?”

“काय?”

“पाव.”

“अगं, मी कधी खाल्लाच नाही.”

तिनं माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. “मला वाटलं, खाल्ला असेल. मी नानांना म्हटलंसुद्धा, खाल्ला तर खाल्ला, मला जाऊ द्या. पण तुम्हीच म्हणालात ना, ठेवा तुमची मुलगी तुमच्याजवळ.”

मी म्हटलं, “रागात म्हणालो.”

“राग तीन वर्षं?”

 काहीतरी करायचं म्हणून मी तिला माझी चित्रं दाखवायला काढली. तीन वर्षांची चित्रं, खाटेखालची दोन मोठी बाडं. घागरी, शंकू, खुर्च्या, पावलं, कान, निरनिराळ्या उजेडातले. मला वाटलं, ही बघेल, म्हणेल, केवढी मेहनत केलीत! तिनं एकेक कागद उचलून दिव्याशी धरला, बघितला आणि नीट बाजूला रचून ठेवला. एकही वगळला नाही. शेवटचा कागद ठेवला आणि म्हणाली,

“यातलं एकसुद्धा मला पाठवावंसं वाटलं नाही?”

“तुला कुठं वाचता येतं म्हणून मी...”

“चित्राला वाचता कशाला यायला हवं?” ती म्हणाली. “तुमचं पत्र आलं की नाना वाचायचे आणि कोनाड्यात ठेवायचे. ते देवळात गेले की मी काढायची. सगळी पानं उलटून बघायची, मागे काही काढलंय का. नुसती एक घागर असती, तरी मला कळलं असतं.”

मी चित्रकला शिकवणारा माणूस. ज्या एका माणसाला माझ्याकडून फक्त चित्रच कळलं असतं, त्याच्याकडे मी तीन वर्षं चार चार पानं अक्षरं पाठवत राहिलो. त्या संध्याकाळी मी तिच्यासमोर रडलो. तिनं मला रडू दिलं.

पुढचा संसार चांगला झाला. मी पावाला हात लावणार नाही असं कबूल केलं होतं, म्हणून पेद्रूकडचा पाव ती स्वतः आणायची आणि गर मळून गोळ्या माझ्या कागदावर ठेवायची. “हात मी लावला, तुम्ही कुठे लावलात?” म्हणायची. नाना एकदा मुक्कामाला आले असताना त्यांनी हे पाहिलं आणि ते पोथी घेऊन मुकाट्यानं दुसऱ्या खोलीत जाऊन बसले. परीक्षक म्हणून मला गावोगाव जावं लागे, तेव्हा रोज एक कार्ड टाकायचो. पत्ता सोडला तर त्यावर अक्षर एकही नाही. धर्मशाळेतला कंदील, एखादं देऊळ, माझ्या चपला. मी परत येईपर्यंत ती सगळी ओळीनं फळीवर मांडलेली असत.

तिला जाऊन सहा वर्षं झाली. कार्डांचा डबा माझ्याजवळ आहे, सनद भिंतीवर आहे, चित्रशाळेला परत करायचा राहून गेलेल्या कानाची पाळी मध्यंतरी पडून फुटली. अजूनही मी दर आठवड्याला टपालकचेरीतून एक कार्ड आणतो आणि दिवसभरात जे दिसेल ते त्यावर काढतो. काल दारातली तुळस काढली. मग कार्ड उलटतो. पत्त्याची बाजू मोकळी असते, आणि मी त्या मोकळ्या जागेकडे बघत बसतो.